वहिनींची स्तन पुनर्रचना: लगेच करावी की रेडिएशननंतर, आणि बिघडलं तर काय?

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. वहिनी 44 वर्षांच्या, गाव निपाणीजवळ. डाव्या स्तनात मोठी गाठ होती आणि काखेतही गाठी होत्या. केमो आता पुरी होत आली आहे. महिन्याभरात पूर्ण स्तन काढायचं ठरलंय आणि त्यानंतर लाईट, म्हणजे रेडिएशन आहे. बेळगावातल्या एका डॉक्टरांनी सांगितलं की त्याच ऑपरेशनमध्ये सिलिकॉन बसवून टाकू. कोल्हापुरातले दुसरे म्हणाले, आत्ता काही नको, वर्षभराने पोटाचा भाग घेऊन करू. तुमच्या आई म्हणतात, दोन पोरं मोठी झाली, आता कशाला हवंय हे सगळं. वहिनी काहीच बोलत नाहीत. आणि तुम्ही विचारताय, यातलं चांगलं कुठलं, आणि बिघडलं तर पुढे काय?

मी प्लास्टिक सर्जन आहे. या भागात बरीच वर्षं कॅन्सरनंतरच्या पुनर्रचनेची ऑपरेशनं करते. दुसरीकडे ऑपरेशन झालेल्या आणि नंतर त्रास सुरू झालेल्या बायकाही माझ्याकडे येतात. रिपोर्ट न बघता वहिनींचं अमुकच करा असं मी सांगू शकत नाही, आणि तसं कुणी सांगितलं तर ऐकूही नका. विचार कुठल्या क्रमाने करायचा ते मात्र सांगता येईल.

दोन्ही डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन्ही पद्धती मान्य आहेत, दोन्हींनी चांगले निकाल येतात. "चांगलं कुठलं" असं विचारलंत की प्रत्येक जण आपल्या हातचं काम सांगणार. तुमच्यापुढचे खरे प्रश्न मला दोन दिसतात. रेडिएशन नक्की आहे का? आणि ऑपरेशननंतर रात्री-अपरात्री काही झालं, तर ते कोण बघणार, कुठे, आणि गावाहून तिथे पोचायला किती वेळ लागणार? या दोन्हींची उत्तरं मिळाली की कुठलं तंत्र हे बरंचसं आपोआप ठरतं.

आधी रेडिएशन. काखेतल्या गाठींमध्ये आजार होता आणि मूळ गाठ मोठी होती, म्हणजे केमोने सगळं विरघळलं तरी रेडिएशन बहुधा टळणार नाही. ते ठरवायचं काम रेडिएशनच्या डॉक्टरांचं आहे. ऑपरेशनच्या आधीच त्यांना भेटा आणि "लागणारच आहे का" हे स्पष्ट विचारून घ्या. आपल्याकडे बऱ्याचदा ही भेट ऑपरेशन झाल्यावर होते, आणि तोपर्यंत आत काय बसवायचं ते बसवून झालेलं असतं.

रेडिएशनचा इम्प्लांटशी, म्हणजे आत बसवलेल्या सिलिकॉनशी, संबंध असा आहे. शरीरात बाहेरची वस्तू गेली की शरीर तिच्याभोवती एक पातळ पडदा तयार करतं. इम्प्लांटभोवतीही तो प्रत्येकीला होतो, त्यात काही वावगं नाही. रेडिएशन मिळालेल्या जागी मात्र हा पडदा जाड होतो आणि आवळत जातो. स्तन कडक होतो, वर सरकतो, आकार बदलतो, काही जणींना सतत दुखतं. शिवाय रेडिएशनने त्वचेचा रक्तपुरवठा कमी होतो, त्यामुळे जखम उघडण्याचं आणि जंतुसंसर्गाचं प्रमाणही वाढतं. सगळ्यांनाच असं होतं असं नाही. बऱ्याच जणींचं इम्प्लांट रेडिएशन घेऊनही नीट राहतं. पण धोका स्पष्टपणे जास्त असतो, आणि तो वर्ष-दोन वर्षांत हळूहळू दिसायला लागतो, म्हणजे ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडचं जाणं-येणं कमी झाल्यावर.

त्याहून मोठी काळजी मला दुसऱ्या गोष्टीची वाटते. केमो झाल्यावर ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतर साधारण महिना-दोन महिन्यांत रेडिएशन सुरू व्हावं लागतं. हे वेळापत्रक कॅन्सरच्या उपचाराचं आहे. लगेच केलेल्या पुनर्रचनेत जखम चिघळली तर रेडिएशन लांबतं. पुनर्रचना केल्याने कॅन्सर परत यायचं प्रमाण वाढत नाही, तो लपतही नाही, ही भीती मनातून काढून टाका. पण पुनर्रचनेच्या गुंतागुंतीमुळे कॅन्सरचा उपचार मागे पडणं मला कधीही मान्य नसतं.

म्हणून ज्या बाईला रेडिएशन नक्की आहे, जिची साखर वर-खाली होते, आणि जी मोठ्या सेंटरपासून तास-दीड तास लांब राहते, तिला मी बहुतेक वेळा सांगते की आधी कॅन्सरचं ऑपरेशन स्वच्छ होऊ दे, रेडिएशन पुरं होऊ दे, मग किमान सहा महिने ते वर्षभर थांबून स्वतःच्या शरीराचा भाग वापरून पुनर्रचना करू. थांबायचं कारण म्हणजे रेडिएशन झालेली कातडी निवायला, मऊ पडायला तेवढा वेळ लागतो. याला अपवाद आहेत. एखादीला छाती सपाट झालेली बघणं अगदीच असह्य होणार असेल आणि तिची तब्येत उत्तम असेल, तर स्तन काढताना आत तात्पुरता फुगा, म्हणजे एक्स्पांडर, ठेवून त्वचा राखता येते आणि रेडिएशननंतर तो काढून कायमचं काम करता येतं. काही सेंटरमध्ये पोटाचा फ्लॅप, म्हणजे रक्तपुरवठ्यासकट उचललेला शरीराचा भाग, लगेच लावून त्यावर रेडिएशन देतात. तेही चालतं. मात्र रेडिएशनने फ्लॅप थोडा आकसू शकतो, हे आधी माहीत असावं.

आता स्वतःच्या शरीराचा भाग म्हणजे नेमकं काय, ते सांगते, कारण "पोटाचं मांस" एवढ्या शब्दांत घरात उगाच भीती पसरते.

एक रस्ता पाठीचा. खांद्याच्या मागे लॅटिसिमस डॉर्साय नावाचा रुंद, पातळ स्नायू असतो. तो त्वचेसकट उचलून काखेखालून पुढे आणतात. त्याची रक्तवाहिनी तुटत नाही, काखेतून आलेली असते ती तशीच राहते, म्हणून हा फ्लॅप भरवशाचा. इटलीच्या तान्सिनींनी 1906 साली स्तन काढल्यावरची जखम झाकायला तो वापरला होता, आणि आजही अडचणीच्या वेळी आम्ही त्याच्याकडेच वळतो. मायक्रोस्कोप लागत नाही, जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ शकतो. आकारमान कमी मिळतं, त्यामुळे स्तन मोठा असेल तर खाली छोटं इम्प्लांट किंवा नंतर चरबी भरावी लागते. वहिनी शेतात काम करतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हेही सांगते: हात वरून खाली जोराने ओढायच्या कामात याची उणीव जाणवते. भांगलण, स्वयंपाक, धुणं या सगळ्याला बायका काही महिन्यांत परत लागतात. विहिरीचं पाणी शेंदणं, उसाची मोळी चढवणं यात तो हात लवकर दमतो. आणि एक विनंती कॅन्सरच्या सर्जनना आत्ताच करून ठेवा: काखेतल्या गाठी काढताना या स्नायूची रक्तवाहिनी जपा, आणि ती जपली असं ऑपरेशनच्या नोंदीत लिहा. वर्षाने माझ्यासारखीच्या हाती तो कागद आला तर फार उपयोग होतो.

दुसरा रस्ता पोटाचा. बेंबीखालची जादा त्वचा आणि चरबी वर आणून स्तन करायचा. 1982 मध्ये अमेरिकेत हार्ट्रॅम्फ यांनी पोटाच्या सरळ स्नायूसकट हा भाग वर फिरवायची पद्धत मांडली, तिला ट्रॅम म्हणतात. आकार सुंदर येतो, पण पोटाचा एक स्नायू जातो. जमिनीवर अंथरुणात झोपणाऱ्या बाईला हाताचा आधार घेतल्याशिवाय उठणं अवघड जातं, आणि पोटाची भिंत सैल पडून फुगवटा किंवा हर्निया व्हायची शक्यता राहते. पुढे 1990च्या दशकात डीप नावाची पद्धत रुळली. तिच्यात स्नायू जागेवर ठेवून त्यातून वर येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तेवढ्या सोडवून घेतात आणि छातीच्या मधल्या हाडालगतच्या रक्तवाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली जोडतात. या वाहिन्या दोन-तीन मिलिमीटरच्या, टाक्याचा धागा केसाहून बारीक. ऑपरेशन सहा ते दहा तास चालतं. आधी पोटाचं सीटी अँजिओ करून कुठली वाहिनी चांगली आहे ते बघतात. डाव्या बाजूची छातीतली शीर बहुधा उजवीपेक्षा बारीक असते, वहिनींची बाजू डावी आहे, तेव्हा हे काम सरावाच्या हाताने व्हायला हवं.

पोटावरचे जुने टाके इथे महत्त्वाचे. कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनचा छोटा व्रण सहसा आड येत नाही. आडवा सिझेरियनचाही फारसा नाही. पण गर्भाची पिशवी काढताना बेंबीखाली उभा छेद घेतला असेल तर त्या व्रणापलीकडे रक्त नीट जात नाही, आणि पोटाचा निम्माच भाग हाती लागतो. आपल्याकडे चाळिशीच्या आत पिशवी काढलेल्या बायका पुष्कळ भेटतात, आणि "कुठलं ऑपरेशन झालंय का" असं विचारलं की ते सांगायचं त्यांच्या लक्षातही येत नाही. वहिनींना आठवणीने विचारा.

आता तुमचा खरा काळजीचा प्रश्न, बिघडलं तर. हे मी काळाप्रमाणे सांगते, कारण प्रत्येक टप्प्यावर लक्ष ठेवायची गोष्ट वेगळी असते.

पहिले दोन-तीन दिवस. वाहिन्या जोडलेल्या फ्लॅपची सगळी परीक्षा या काळात होते. नर्स पहिल्या दिवशी तासातासाला येऊन फ्लॅपवर बोट दाबते आणि सोडते. दाबलेली जागा पांढरी होऊन दोन-तीन सेकंदांत परत गुलाबी झाली तर ठीक. लगेच, डोळ्याचं पातं लवायच्या आत रंग भरला आणि फ्लॅप जांभळट, फुगलेला दिसत असेल, तर शीर तुंबली आहे: रक्त आत येतंय, बाहेर जात नाही. उलट फ्लॅप फिकट, गार, आणि रंग परतच येत नसेल तर आत येणारी धमनी बंद पडली आहे. शीर तुंबणं जास्त वेळा घडतं. दोन्हींवर उपाय एकच, पेशंटला परत थिएटरमध्ये नेऊन जोड उघडून बघायचा, आणि तोही तासाभरात, सकाळी राउंडला नव्हे. लवकर उघडलेले बरेच फ्लॅप वाचतात. उशीर झाला की आतल्या बारीक वाहिन्याच बंद पडतात, मग मोठी शीर मोकळी करूनही उपयोग होत नाही. सरावाच्या सेंटरमध्ये पूर्ण फ्लॅप जाण्याचं प्रमाण शंभरात एक ते तीनच्या आसपास असतं, आणि त्यामागे सर्जनच्या हाताइतकीच त्या रात्रीच्या नर्सची नजर असते. म्हणून डीप करायचं तर विचारा: रात्री फ्लॅप कोण बघतं? रात्री दोन वाजता थिएटर, भूलतज्ज्ञ आणि मायक्रोस्कोप चालवणारा सर्जन मिळतो का? उत्तर "बघू, बोलावून घेऊ" असं आलं, तर त्या ठिकाणी पाठीचा फ्लॅप बरा.

पहिले दोन-तीन आठवडे. स्तन काढताना उरलेली त्वचा पातळ असते, तिची कड काळी पडू शकते. छोटा भाग ड्रेसिंगवर भरतो. मोठा असेल तर काढून परत टाके घालावे लागतात. त्याखाली स्वतःचा फ्लॅप असेल तर चार दिवस उशीर, एवढंच. खाली इम्प्लांट असेल तर मात्र घाई करावी लागते, कारण कातडी उघडली की ते उघडं पडतं. इम्प्लांटच्या जागी लाली, गरमपणा, ताप, पाणी येणं, यातलं काहीही दिसलं तर गावातल्या दुकानातून गोळी आणून दोन दिवस बघू असं करू नका. संसर्ग खोल गेला तर इम्प्लांट काढावंच लागतं, आणि मग तीन ते सहा महिने काही बसवता येत नाही. लवकर आलात तर सलाईनमधून अँटिबायोटिक देऊन, जागा धुऊन, कधी कधी ते वाचवता येतं.

पाठीचा फ्लॅप घेतला की पाठीत पाणी साठणं अगदी नेहमीचं आहे, घाबरायचं कारण नाही. ड्रेनची नळी म्हणून ठेवलेली असते. चोवीस तासांत 30 मिलीच्या खाली येईपर्यंत ती काढत नाहीत. घरी कुणीतरी एक जण रोज एकाच वेळी बाटली मापून वहीत लिहा. एका पेशंटची शाळेत जाणारी मुलगी रोज मापाबरोबर रंगही लिहायची, लाल, गुलाबी, पिवळं, आणि त्या वहीवरून मला फोनवरच ठरवता यायचं की बोलवायचं की थांबायचं. नळी काढल्यावरही पाणी साठलं तर सुईने काढतात, दोन-चार वेळा काढावं लागतं, मग थांबतं.

पुढचे महिने आणि वर्षं. स्वतःच्या चरबीच्या फ्लॅपमध्ये एखाद्या कोपऱ्याला रक्त कमी पडलं तर तिथे कडक गाठ तयार होते. बाईच्या हाताला ती लागते आणि घरात रडारड सुरू होते की कॅन्सर परत आला. बहुतेक वेळा ती मेलेली चरबी असते. पण हाताने चाचपून ठरवू नका, सोनोग्राफी करा, शंका असेल तर सुईची तपासणी करा. पोटाच्या ऑपरेशननंतर दीड-दोन महिने वजन उचलायचं नाही, भरलेली घागरसुद्धा नाही. व्रण परकराची नाडी बांधतात त्याच्याच आसपास येतो, म्हणून तेवढे दिवस गाऊन बरा. इम्प्लांट असेल तर ते जन्मभराचं नसतं, कधी ना कधी बदलावं लागेल असं धरून चालायचं. त्याचं कार्ड, कंपनी आणि क्रमांकाच्या स्टिकरसकट, रेशनकार्डाबरोबर जपून ठेवा. खरखरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटभोवती वर्षांनंतर एक दुर्मीळ लिम्फोमा, म्हणजे लसीका पेशींचा कॅन्सर, होतो असं आढळलं, आणि जुलै 2019 मध्ये ॲलर्गन कंपनीने बायोसेल प्रकारची इम्प्लांट जगभरातून परत घेतली. धोका फार कमी आहे, पण बसवून बरीच वर्षं झाल्यावर स्तन अचानक सुजला तर आतलं पाणी तपासायलाच हवं.

एक गोष्ट कुणीच सांगत नाही म्हणून मी प्रत्येकीला सांगते. नव्या स्तनाला, आणि जिथून भाग घेतला त्या पोटाला किंवा पाठीला, स्पर्श कळत नाही. काही महिन्यांनी थोडा येतो, पूर्ण कधीच नाही. आपल्याकडे दुखलं की शेक देतात, गरम पाण्याची पिशवी, तव्यावर तापवलेलं फडकं. मायेनेच देतात. पण तिथे चटका बसलेला बाईला कळतच नाही, आणि चांगला जमलेला फ्लॅप भाजून फोड आलेले मी बघितले आहेत. शेक अजिबात नको, कुणी कितीही म्हटलं तरी.

आता ऑपरेशनच्या आधीचं, जे तुमच्या हातात आहे. वहिनी मिश्री लावतात का? निपाणी-चिकोडीकडच्या बायकांना मी "तंबाखू खाता का" असं विचारतच नाही, कारण उत्तर "छे, छे, मी कुठली तंबाखू, नुसती मिश्री लावते" असं येतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि हिरड्यांतून निकोटिन थेट रक्तात जातं. निकोटिनने बारीक वाहिन्या आवळतात. त्वचेची कड काळी पडणं, जखम उघडणं, फ्लॅपला रक्त कमी पडणं, या सगळ्याला ते खतपाणी घालतं. ऑपरेशनच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे ती पूर्ण बंद हवी. घरातल्या मोठ्या बाईने बरोबर सोडली तर सुटते, एकटीला अवघड जातं. तेव्हा तुमच्या आईंनाही यात घ्या. साखर असेल तर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी करून ती सातच्या आसपास आणा. पुढे टॅमॉक्सिफेन (कॅन्सर परत येऊ नये म्हणून द्यायची गोळी) सुरू झालं तर वाहिन्या जोडायच्या ऑपरेशनआधी काही आठवडे ते थांबवायचं का, हे कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून ठरवावं लागतं, कारण त्या गोळीने रक्त गोठण्याकडे कल वाढतो. आपल्या मनाने मात्र ती बंद करू नका.

खर्चाबद्दल. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कार्डावर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, एपीएलवर पॅकेजच्या 30 टक्के. महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या 865 गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतलेला आहे, तेव्हा कोल्हापूरला जाणार असाल तर तिथल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाकडे, गावाचं नाव सांगून विचारा. दोन्हीकडे एकच काळजी घ्या: स्तन काढायचं पॅकेज वेगळं आणि पुनर्रचनेचं वेगळं असतं. मंजुरीच्या कागदावर पुनर्रचनेचं नाव आहे का, ते भरती व्हायच्या आधी बघा. आणि संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर सही करण्याआधी मराठीत समजावून मागा. तो तुमचा हक्क आहे, कुणी नाही म्हणत नाही.

तुमच्या आईंच्या "आता कशाला" बद्दल मला मनापासून काही सांगायचंय. पुनर्रचना केलीच पाहिजे असं अजिबात नाही. कितीतरी जणी ब्लाउजच्या आत विणलेली सुती किंवा सिलिकॉनची गादी ठेवतात, शेत करतात, जत्रेला जातात, छान जगतात. पण हा निर्णय वहिनींचा आहे. माझ्यासमोर बसून "मला काही नको" म्हणणाऱ्या कित्येक जणी घरची माणसं बाहेर गेल्यावर हळूच विचारतात, "बाई, होईल का हो माझं?" चव्वेचाळिसाव्या वर्षी अंघोळ करताना स्वतःकडे बघावंसं वाटणं यात हौसेमौजेचं काहीच नाही. आणि थांबायचं ठरलं तर विचार करायला त्यांना वर्ष मिळतंच. पुनर्रचना दहा वर्षांनीही करता येते.

तेव्हा आत्ता, स्तन काढण्याच्या ऑपरेशनआधी, एवढं करा. रेडिएशनच्या डॉक्टरांची भेट घ्या. मिश्री आजपासून बंद करा. पोटावरचे जुने व्रण कुठे आणि कसे आहेत ते लिहून काढा. बेळगावच्या डॉक्टरांना सरळ विचारा, "रेडिएशन नक्की असताना लगेच सिलिकॉन का सुचवताय?" त्यांच्याकडे वहिनींपुरतं चांगलं कारण असू शकतं, आणि असेल तर ते सांगतील. मग एक दिवस वहिनींना एकट्यांनाच घेऊन प्लास्टिक सर्जनकडे जा. ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट आला आणि रेडिएशनच्या तारखा ठरल्या की इथेच लिहा, नाव-पत्ता न टाकता. पाठ की पोट, हे तेव्हा जास्त नेमकं सांगता येईल.